किमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन: आकडा खाली गेला तरी डॉक्टर थांबायला का सांगतात?

अबोली (प्रश्न)

नमस्कार. माझी आई ६२ वर्षांची आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर तिला डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या औषधांची किमोथेरपी सुरू झाली. दर २१ दिवसांनी एक अशा चार सायकल आणि त्यानंतर बारा आठवडे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, असे ठरले आहे.

पहिल्या सायकलनंतर दहाव्या दिवशी सीबीसी केली, तेव्हा पांढऱ्या पेशी १,४०० आणि त्यांतल्या न्यूट्रोफिल या प्रकारच्या पेशी २२ टक्के आल्या. रिपोर्टवर तो आकडा ठळक छापलेला, शेजारी खाली तोंड केलेला बाण, आणि खाली 'तातडीने डॉक्टरांना कळवा' अशी सूचना. मी लगेच फोन केला. डॉक्टरांनी आधी विचारले, "ताप आहे का?" नाही म्हटल्यावर घरीच थांबा, दिवसातून तीन-चार वेळा ताप मोजा आणि वाढला तर वेळ न घालवता या, एवढेच सांगितले. पेशी वाढवणारे इंजेक्शन दिले नाही. माझ्या मावशीला काही वर्षांपूर्वी अशाच वेळी लागोपाठ पाच दिवस इंजेक्शने दिली होती, त्यामुळे आमच्याकडे दुर्लक्ष तर होत नाही ना, अशी शंका मनातून जात नव्हती. सुदैवाने आईला ताप आला नाही. मात्र एकविसाव्या दिवशी पांढऱ्या पेशी २,९०० आणि न्यूट्रोफिल ४१ टक्केच होते, म्हणून दुसरी सायकल एक आठवडा पुढे ढकलावी लागली.

आता दुसऱ्या सायकलनंतर पेगफिल्ग्रास्टिमचे एकच इंजेक्शन घ्यायचे आहे, आणि तेही किमोच्या दिवशी नव्हे तर दुसऱ्या दिवशी. आईला प्रवासाचा फार त्रास होतो, म्हणून त्याच दिवशी देता येणार नाही का असे विचारले, तर ठाम नकार मिळाला. न्यूट्रोफिल ३०८ वर (१,४०० चे २२ टक्के) आले तेव्हा जे इंजेक्शन नको होते, तेच आता काउंट ठीक असताना आधीच का द्यायचे, हे मला उमगत नाही. मावशीची पाच इंजेक्शने आणि आईचे हे एक यांत फरक काय? आणि एक भीती मी आईसमोर बोलूनही दाखवलेली नाही: पेशी वाढवणारे औषध कर्करोगाच्या पेशीही वाढवत असेल का?

जुनी_परिचारिका

अबोलीताई, मी किमोथेरपीच्या वॉर्डात अनेक वर्षे काम करून निवृत्त झाले आहे. तुमच्या आईचे उपचार तिचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्या निर्णयामागचा विचार काय असावा, तेवढे मी सांगू शकते.

पहिली गोष्ट अशी, की एकूण पांढऱ्या पेशींपेक्षा न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या पाहायची असते. वॉर्डात तिला सगळे 'एएनसी' म्हणतात. १,४०० चे २२ टक्के म्हणजे ३०८, हा तुमचा हिशोब बरोबर आहे. एएनसी १,५०० च्या खाली गेली की न्यूट्रोफिल कमी झाले असे म्हणतात, आणि ५०० च्या खाली गेली की ती कमतरता तीव्र समजली जाते. जिवाणू आणि बुरशी यांच्याशी पहिली झुंज याच पेशी घेतात आणि रक्तात त्या फार काळ टिकत नाहीत, त्यामुळे अस्थिमज्जेतून नवा पुरवठा सतत होत राहावा लागतो. किमो वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालते. मज्जेतल्या तरुण पेशीही वेगानेच विभागत असतात, म्हणून त्याही सापडतात. रक्तात आधीपासून असलेल्या पेशी संपतात, मागून नव्या येत नाहीत, आणि साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान आकडा तळ गाठतो. तुमची तपासणी दहाव्या दिवसाची, म्हणजे ऐन तळातली. तो आकडा भीतिदायक दिसला तरी अनपेक्षित नव्हता.

आता इंजेक्शन का दिले नाही ते पाहू. ताप नसलेल्या, पण न्यूट्रोफिल तीव्र कमी झालेल्या रुग्णांना त्याच वेळी हे इंजेक्शन सुरू केले तर काय होते, याची एक चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यात एएनसी ५०० च्या वर यायला औषध न घेतलेल्यांना साधारण चार दिवस लागले आणि घेतलेल्यांना दोन. आकडा दोन दिवस आधी सुधारला हे खरे, पण रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण, तिथे काढावे लागलेले दिवस आणि प्रतिजैविकांची गरज यांत फरक पडला नाही. रिपोर्ट सुधारला, रुग्णाच्या वाट्याला मात्र काही आले नाही. म्हणूनच नुसता आकडा खाली गेला आणि ताप नाही, अशा वेळी हे औषध सरसकट देऊ नये, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तुमच्या मावशींना ते का दिले, हे त्यांची कागदपत्रे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यांना ताप असेल, जंतुसंसर्ग गंभीर असेल, किंवा त्या काळी आकडा पाहूनच इंजेक्शन देण्याची सवय असेल. अशी सवय मी स्वतः पाहिलेली आहे.

याउलट, तळ गाठण्यापूर्वीच, म्हणजे किमोनंतर एक-दोन दिवसांत औषध दिले तर त्याचा खरा उपयोग होतो. मज्जेला वेळेवर हाक मिळते, तळ उथळ राहतो आणि त्यातून बाहेर यायला कमी दिवस लागतात. दुसऱ्या सायकलपासून तुमच्या आईला तेच देणार आहेत. प्रत्येक रुग्णाला पहिल्या सायकलपासून ते देत नाहीत. ताप आणि कमी न्यूट्रोफिल हे दोन्ही एकत्र येण्याची शक्यता २० टक्के किंवा अधिक असलेल्या किमोसोबत ते सुरुवातीपासून देतात. १० ते २० टक्क्यांच्या पट्ट्यात रुग्णाचे वय ६५ च्या पुढे आहे का, आधी किमो किंवा रेडिएशन झाले आहे का, यकृत-मूत्रपिंडे कशी आहेत, हे पाहून ठरवतात. १० टक्क्यांखाली सहसा देत नाहीत. दर २१ दिवसांनी दिली जाणारी तुमच्या आईची दोन औषधे साधारणपणे मधल्या पट्ट्यात धरली जातात. पहिल्या वेळी थांबून पाहणे त्यामुळे चुकीचे नव्हते. आता मात्र एएनसी वेळेत वर आली नाही म्हणून सायकल पुढे गेली. शस्त्रक्रियेनंतरची ही किमो आजार पुन्हा उद्भवू नये म्हणून असते, आणि तिथे मात्रा कमी करणे किंवा तारखा लांबवत जाणे शक्यतो टाळतात. ज्यांच्यावर केवळ त्रास कमी ठेवण्यासाठी किमो चालू असते, त्यांच्या बाबतीत इंजेक्शनाऐवजी मात्रा कमी करण्याचा मार्ग अनेकदा अधिक शहाणपणाचा ठरतो.

डॉक्टरांनी आधी तापाबद्दल का विचारले, हेही लक्षात घ्या. एकदा मोजून ताप ३८.३ सेल्सिअस, म्हणजे १०१ फॅरनहाइट भरला, किंवा ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, तासभर टिकून राहिला, तर या काळात ती आणीबाणी असते. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचे. पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे अशी अपेक्षा असते, आणि दारातच "आईची किमो चालू आहे, अमुक दिवशी झाली" असे सांगितले तर तो तास वाया जात नाही. आमच्याकडे येणारे काही नातेवाईक आधी रिपोर्टांची फाइल शोधत बसत. फाइल मागून आली तरी चालते.

मात्रा_आणि_मोजमाप

मी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करतो. वरच्या प्रतिसादात वैद्यकीय बाजू नीट आली आहे, म्हणून मी औषधाबद्दलच लिहितो.

आपले शरीर स्वतःच एक प्रथिन तयार करते, ज्याला जी-सीएसएफ म्हणतात. न्यूट्रोफिलच्या पूर्वज पेशींना 'विभागा, पक्व व्हा, बाहेर पडा' असा निरोप ते देते. मानवी जी-सीएसएफचे जनुक १९८६ मध्ये वेगळे करण्यात आले, ते ई-कोलाय जिवाणूत बसवून हेच प्रथिन प्रयोगशाळेत बनवता येऊ लागले, आणि फिल्ग्रास्टिम या नावाने १९९१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगाच्या रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात कमी न्यूट्रोफिलसह ताप येण्याचा प्रसंग निदान एकदा तरी ओढवलेल्यांचे प्रमाण औषधाविना ७७ टक्के, तर औषधासह ४० टक्के होते. म्हणजे धोका बराच घटतो, पण शून्य होत नाही. इंजेक्शन घेतले म्हणून थर्मामीटर कपाटात ठेवून देणारे लोक मला भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

फिल्ग्रास्टिम मूत्रपिंडांवाटे लवकर निघून जाते. साडेतीन तासांच्या सुमारास त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे होते. त्यामुळे ते रोज टोचावे लागते, किलोमागे ५ मायक्रोग्रॅम या हिशोबाने, आणि तळ उलटून एएनसी पुरेशी वर येईपर्यंत. मावशींची पाच इंजेक्शने बहुधा हीच असावीत. पेगफिल्ग्रास्टिम म्हणजे तेच प्रथिन, पण त्याला पॉलिइथिलिन ग्लायकॉलची एक लांब साखळी जोडलेली. या शेपटामुळे रेणू इतका मोठा होतो की मूत्रपिंडांतून सहज निसटत नाही. मग ते शरीराबाहेर कसे जाते? मला या औषधातली सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. न्यूट्रोफिल स्वतःच ते पकडून संपवतात. पेशी कमी असतील तोवर औषध रक्तात टिकून मज्जेला निरोप देत राहते, आणि पेशी वाढल्या की त्याच त्याचा फडशा पाडतात. म्हणून प्रौढांसाठी ६ मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन संपूर्ण सायकलला पुरते. गुणाच्या दृष्टीने दोन्हींत फार अंतर नाही. एकात फेऱ्या वाचतात. दुसऱ्यात रोज मात्रा थांबवण्याची मुभा असते. मूळ औषधाशी मिळतेजुळते, म्हणजे बायोसिमिलर, प्रकारही दोन्हींत आहेत, आणि मान्यताप्राप्त बायोसिमिलर दिले म्हणून कमी दर्जाचे दिले असे समजू नये.

त्याच दिवशी का नाही? किमोची औषधे विभागणाऱ्या पेशींना मारतात आणि हे इंजेक्शन मज्जेतल्या पेशींना विभागायला लावते. किमोची औषधे अंगात असतानाच मज्जेला जागे केले, तर जाग्या झालेल्या पेशी आयत्याच त्यांच्या तावडीत सापडतात. म्हणून किमो संपल्यावर किमान २४ तासांचे अंतर ठेवतात. पुढच्या बाजूनेही नियम आहे: पेगफिल्ग्रास्टिम आणि पुढची किमो यांत किमान १४ दिवस असावेत. प्रवास टाळायचा असेल तर दोन मार्ग विचारून पाहा. काही ठिकाणी पोटावर किंवा दंडावर चिकटवायचे एक छोटे उपकरण मिळते, जे लावल्यानंतर साधारण २७ तासांनी आपोआप औषध सोडते. ते उपलब्ध नसेल, तर भरलेली सिरिंज घरी नेऊन स्वतः किंवा जवळच्या प्रशिक्षित व्यक्तीकडून टोचून घेता येते.

घरी नेणार असाल तर सिरिंज २ ते ८ सेल्सिअसमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नको. गोठणे आणि जोराने हलवणे, दोन्ही या प्रथिनाला मानवत नाही. टोचण्यापूर्वी अर्धा तास ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गरम पाण्यात बुडवू नका. थंडगार औषध त्वचेखाली जाताना झोंबते, एवढेच त्यामागचे कारण. पोटावर टोचताना बेंबीभोवतीची दोन इंच जागा सोडा. औषध गढूळ दिसले किंवा त्यात कण दिसले तर वापरू नका.

राहिली तुमची न बोललेली भीती. रक्तपेशींपासून सुरू होणाऱ्या काही आजारांत डॉक्टर या औषधाबाबत वेगळा विचार करतात. स्तनाच्या कर्करोगात मात्र ते अनेक वर्षे वापरले जात आहे, आणि त्यामुळे मूळ आजार वाढतो असे दिसून आलेले नाही. एक बाब मात्र लपवणे योग्य नाही. स्तनाच्या आणि फुफ्फुसाच्या कर्करोगात किमो किंवा रेडिएशनसोबत हे औषध घेतलेल्यांमध्ये पुढे मज्जेचा विकार किंवा रक्ताचा कर्करोग होण्याचा धोका किंचित वाढलेला आढळतो, आणि माहितीपत्रकातही तसा इशारा आहे. हा धोका मुळात लहान आहे आणि त्यात किमोचा स्वतःचा वाटाही आहे. डॉक्टर तो गृहीत धरूनच निर्णय घेतात. तरीही तुम्ही त्यांना हे थेट विचारावे असे मला वाटते.

सहप्रवासी

मी स्वतः सहा सायकलना हे इंजेक्शन घेतले आहे, म्हणून कोणी सहसा नीट सांगत नाही ते सांगते. हाडे दुखतात. सगळ्यांची नाही, पण बऱ्याच जणांची. मला दुसऱ्या दिवशी रात्री सुरू व्हायचे. आधी कंबर, मग माकडहाड, आणि पहाटे तीनच्या सुमारास छातीच्या मधल्या हाडात ठोके पडू लागायचे, इतके की पहिल्यांदा मला हृदयविकाराचा झटका आला असेच वाटले. तपासणीत हृदय ठणठणीत निघाले. मोठ्या माणसांमध्ये रक्त मुख्यतः कंबर, ओटीपोटाची हाडे, मणके आणि छातीचे हाड यांतच तयार होते, आणि तिथेच मज्जा जोराने कामाला लागलेली असते, म्हणून दुखणेही तिथेच, असे मला नंतर समजावून सांगण्यात आले. दोन-तीन दिवसांत ते ओसरायचे. पुढच्या वेळेपासून डॉक्टरांनी मला लोराटाडिन ही ॲलर्जीवरची गोळी इंजेक्शनच्या दिवसापासून काही दिवस घ्यायला सांगितली आणि माझ्या बाबतीत तिचा उपयोग झाला. काहींना नेप्रोक्सेन देतात, पण प्लेटलेट कमी असतील तर त्या जातीच्या गोळ्या घातक ठरू शकतात. मनाने काही घेऊ नका.

माझी चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. तिसऱ्या सायकलला हाडे दुखत होती म्हणून मी दर सहा तासांनी पॅरासिटामॉल घेत राहिले. गोळीने दुखणे दाबले आणि तापही. आठव्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरून दात वाजायला लागले तेव्हा घरच्यांनी ताप पाहिला. तो १०३ होता, आणि तो सकाळपासून असणार हे उघड होते. पाच दिवस रुग्णालयात काढावे लागले. तिथेही दारात बसवून ठेवले, कारण मी मोघमपणे 'थंडी वाजते' एवढेच म्हटले होते. त्यानंतर मी एक वही केली. गोळी घेण्याआधी ताप मोजायचा, आकडा आणि वेळ लिहायची, मगच गोळी तोंडात टाकायची. ती वही डॉक्टरांनी माझ्या रिपोर्टांपेक्षा जास्त वेळ चाळली.

नवा_सदस्य

पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी बाजारात अनेक वनौषधी आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळतात. इंजेक्शनाऐवजी त्या घेऊन पाहायला काय हरकत आहे?

जुनी_परिचारिका

हरकत आहे. ब-१२ किंवा फोलेटच्या कमतरतेमुळे पेशी कमी झाल्या असतील तर ती जीवनसत्त्वे उपयोगी पडतात, पण इथे कारण किमो आहे. किमोनंतरचा हा तळ भरून काढेल अशी कोणतीही गोळी किंवा काढा मला माहीत नाही. शिवाय काही वनौषधी यकृतातील किमोच्या विघटनात ढवळाढवळ करतात. किमो चालू असताना जे काही पोटात जाते, ते डॉक्टरांना ठाऊक असले पाहिजे.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. दुसरी सायकल झाली, दुसऱ्या दिवशी इंजेक्शन घरीच दिले. पण आता नवाच गोंधळ झाला आहे. चौथ्या दिवशी रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी २४,८००! भाऊ खूश झाला आणि आता आई सुरक्षित आहे म्हणून नातेवाइकांना घरी बोलवायला निघाला. मला मात्र त्या रिपोर्टवरचे 'अपक्व पेशी आढळल्या' हे वाक्य वाचून धडकी भरली. आणि आज आठव्या दिवशी पुन्हा तपासले तर २,१०० आणि न्यूट्रोफिल ३८ टक्के, म्हणजे एएनसी ७९८. इंजेक्शन वाया गेले का? आईला ताप नाही. कंबर दुखली, पण सहन होण्याइतकी.

जुनी_परिचारिका

वाया गेले नाही, आणि दोन्ही रिपोर्ट एकमेकांशी सुसंगत आहेत. मज्जेत पक्व न्यूट्रोफिलचा राखीव साठा असतो. इंजेक्शन मिळताच पहिल्या एक-दोन दिवसांत मज्जा तो साठा रक्तात ओतते आणि आकडा उसळतो. त्यात अर्धवट तयार पेशीही बाहेर येतात; रिपोर्टवरचे 'अपक्व पेशी' हे बहुधा त्यांच्याबद्दलच असावे. या औषधानंतर ते अपेक्षित असते, मात्र प्रयोगशाळेला तुमच्या इंजेक्शनची कल्पना नसते, म्हणून ती इशारा छापते. किमोसोबत उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन दिले असेल तर त्यानेही आकडा फुगतो, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल त्यामुळे प्रवाहात येतात. ही सारी साठवणीतली शिल्लक असते, नवी कमाई नव्हे. किमोचा घाव मागाहून दिसतो, म्हणून आठवडाभरात आकडा पुन्हा खाली येतो. रोजचे फिल्ग्रास्टिम घेणाऱ्यांची फसगत इथेच होते: चौथ्या दिवशीचा मोठा आकडा पाहून औषध बंद केले, की दोन दिवसांत तो निम्म्यावर येतो आणि तळ तसाच समोर उभा राहतो.

मागच्या वेळी तळात ३०८ होते, या वेळी ७९८. तुमच्या आईचा तळ याहून थोडा खाली गेला असेल किंवा जाईलही, पण वर येण्याचा वेग आता वेगळा असायला हवा. चौथ्या दिवशी तपासणी डॉक्टरांनी सांगितली होती, की तुम्ही धीर न धरता केली? बहुतेक दुसरेच असावे, असा माझा अंदाज आहे. पाहुण्यांना आठवडाभर थांबवा. सर्दी-खोकला असलेल्यांना तर नक्कीच.

दोन लक्षणे मात्र सांगून ठेवते, कारण ती दुर्मिळ असली तरी थांबण्यासारखी नाहीत. पोटाच्या डाव्या वरच्या भागात किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला तीव्र दुखू लागले, तर प्लीहा सुजली किंवा क्वचित फाटली असण्याची शक्यता असते. आणि अचानक धाप लागली, अंगाला झपाट्याने सूज आली किंवा अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या, तर तेही तत्काळ दाखवायचे. सिकलसेलचा आजार असलेल्यांनी या औषधापूर्वीच ते सांगायला हवे, कारण त्यांच्यात ते गंभीर झटका आणू शकते. तुमच्या आईच्या बाबतीत तसे काही नसावे, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला असू शकते.

अबोली

तपासणी मीच करून घेतली, हे कबूल करते. आज एकविसावा दिवस. पांढऱ्या पेशी ६,२००, न्यूट्रोफिल ६१ टक्के, आणि तिसरी सायकल ठरल्या तारखेला झाली. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने त्या दिवसाभोवती गोल काढला आहे. आता एकच शंका उरली. चौथ्या सायकलनंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल सुरू होईल, तेव्हाही दर वेळी हे इंजेक्शन घ्यावे लागेल का?

मात्रा_आणि_मोजमाप

पेगफिल्ग्रास्टिम बहुधा नाही. आठवड्याच्या मात्रेतील पॅक्लिटॅक्सेलने न्यूट्रोफिल सहसा इतके खाली जात नाहीत, आणि दोन मात्रांत सातच दिवस असल्यामुळे १४ दिवसांचे अंतर पाळताही येत नाही. एखाद्या आठवड्यात एएनसी कमी आली, तर ती मात्रा काही दिवस पुढे ढकलतात किंवा थोडी कमी करतात. त्यानेही भागले नाही तर मधल्या दिवसांत रोजच्या फिल्ग्रास्टिमची दोन-तीन इंजेक्शने देतात आणि पुढच्या मात्रेच्या किमान २४ तास आधी ती बंद करतात. त्या बारा आठवड्यांत बोटांना मुंग्या येतात का, बटणे लावताना अडखळायला होते का, याकडे अधिक लक्ष ठेवा. पॅक्लिटॅक्सेलमध्ये डॉक्टर दर वेळी तेही विचारतील.